राहतं घर विकून लहान घरात जाताना या चुका टाळा

घर विकायचं ठरलं की पहिला फोन एजंटला जातो. तिथूनच सगळं उलटं सुरू होतं. बँकेच्या गृहकर्ज विभागात मी बावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक फायली घेऊन घरी येतात, आणि दर वेळी तेच: गिऱ्हाईक दारात उभं आणि कागद माळ्यावर.

नॉमिनीलाच मालक समजणं

माझ्या मावशीचा डोंबिवलीचा फ्लॅट १९८३ सालचा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून तिचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढवलं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने गिऱ्हाईक बघितलं, पाच लाख विसार घेतला आणि त्याच आठवड्यात तो नव्या वन बीएचकेसाठी भरून टाकला.

खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने फाईल बघितली आणि विचारलं, बाकीच्या वारसांचं हक्कसोड पत्र कुठे आहे? काकांच्या मागे मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे मावशी, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. मुलगी दुबईत. तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून आणणं, इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरणं, मग हक्कसोड पत्राची नोंदणी. साडेचार महिने गेले. तिसऱ्या महिन्यात खरेदीदार कंटाळला आणि विसार परत मागू लागला. पैसे तर भरून झालेले. शेवटी मी माझी एफडी मोडली. मावशी मला एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं राहिले गं त्या घरात, आणि ते माझं नाही?"

नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्वच मिळतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: एजंटच्या आधी वकील. मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, हक्कसोड पत्र, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, हे सगळं एका फायलीत लागेपर्यंत विसाराचा एक रुपया घेऊ नका. जुना करार पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दिसला तर लगेच घाबरू नका. फ्लॅटच्या करारावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून लागलं. तुमच्या कराराची तारीख वकिलाला दाखवा.

रोख रक्कम घेणं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. "थोडे ब्लॅकमध्ये" म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

कराचा विचार पैसे आल्यावर करणं. कर लागतो तो विक्रीतल्या नफ्यावर. २००१च्या आधी घेतलेल्या घराची खरेदी किंमत साठ हजार असली, तरी नफा काढताना १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आधीच करून घ्या. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेलं घर असेल तर इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याविना साडेबारा टक्के, यांतला कमी कर भरण्याची सोय भारतात राहणाऱ्यांना आहे. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर त्या नफ्यावरच्या करात सवलत मिळते. तसं घेणार असाल, पण रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील, तर नफ्याची उरलेली रक्कम बँकेत यासाठीच उघडायच्या भांडवली नफा खात्यातच ठेवा. साध्या एफडीत ठेवून सवलत गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

मुलांना आधी वाटून मोकळं होणं. नवीन घराची तुमच्या नावावर नोंदणी होईपर्यंत कोणालाही काही देऊ नका. मुलं कितीही चांगली असोत.

सामान शेवटच्या आठवड्यात आवरायला घेणं

यात घाई मुलांची असते. "आई, टाकून दे ना, कशाला लागतंय?" असं म्हणत टेम्पो ठरवूनच येतात. मला याचा फार राग येतो. मावशीच्या माळ्यावर स्टीलची भांडी होती, लग्नामुंजीत आलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. ती एकेक भांडं पदराने पुसायची, चष्मा लावून नाव वाचायची, मग ते देणारी बाई, तिची मुलं, तिचं आजारपण, सगळं सांगायची. एका दुपारी सहा भांडी झाली. मी तिला घाई केली नाही, कारण तेवढा वेळ त्या कामाला लागतोच.

माझी सवय अशी: सहा महिने आधी सुरुवात, दर रविवारी एकच कप्पा. जुन्या चादरीवर तीन ढीग: न्यायचं, द्यायचं, मोडीत घालायचं. कागदाला मात्र हात लावायचा तो वाचूनच. मावशीचा मूळ करार विजेच्या जुन्या बिलांच्या पिशवीत, रद्दीच्या ढिगात निघाला. आणि टेप घेऊन नव्या घराचा दरवाजा मोजा. तिचा दिवाण नव्या जिन्यावरून वर गेलाच नाही, त्याच टेम्पोत परत पाठवला.

त्या भांड्यांतली बारा तिने नव्या घरी नेली. बाकीची तिने ज्यांची नावं होती त्यांच्या मुलीसुनांकडे पोहोचवायला सांगितली, आणि ते काम मी दोन महिने, जमेल तसं, करत होते.