गोव्यात घर बांधताना ठेकेदाराचे हप्ते कसे ठरवावेत

स्लॅब घालून झाली तेव्हाच 70 टक्के रक्कम ठेकेदाराकडे गेली असेल, तर ते काम धोक्यात आहे असं समजा. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम आणि रंग यांचा मोठा खर्च अजून बाकी असतो. तुमचे पैसे दुसऱ्या साइटवर फिरले की इथे माणसं कमी होतात आणि तुमच्या हातात अडवून धरायला काहीच उरत नाही. घरचा कर्ता माणूस आखातात किंवा बोटीवर असेल आणि मोबाइलवर फोटो पाहून पैसे सुटत असतील, तर हे हमखास होतं. फोटोत भिंत दिसते, तिचं माप दिसत नाही.

म्हणून करारात हप्ते तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या कामाला बांधा. सामानासकट दिलेल्या कामाला ही वाटणी बरी पडते: आगाऊ 5 टक्के, पाया आणि जोतं 20, लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत 15, स्लॅब 25, गिलावा 15, फरशी-नळ-वायरिंग 10, रंग 5. उरलेले 5 टक्के एक अख्खा पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती, ओल, खिडकीखालची चीर हे सगळं जुलैतच कळतं. मात्र टप्पा मोजून झाला की आठवड्याच्या आत पैसे द्या. कामगारांचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो. तुम्ही उशीर केलात की आधी गवंडी जातो, मग काम.

वेळापत्रक जूनपासून मागे मोजत या. स्लॅब उशिरात उशिरा मेच्या पहिल्या आठवड्यात पडली पाहिजे. 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवावे लागतात. तुळयांखालचे 6 मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21 दिवस. पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट असेल तर स्लॅबला किमान 10 दिवस पाणी हवंच. याचा अर्थ जोतं जानेवारीत आणि पाया नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. जमीन बिगरशेती करण्याची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना ही धावपळ त्याआधीच्या पावसात उरका. पुढच्या भिंतींचे चिरेही मार्च-एप्रिलमध्येच आणून ठेवा. पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं आणि भाव चढतो.

आता मोजणी. 100 चौरस मीटरची 125 मिलिमीटर जाडीची स्लॅब म्हणजे 12.5 घनमीटर काँक्रीट. मंजूर मिक्समध्ये (सिमेंट-वाळू-खडीच्या ठरलेल्या प्रमाणात) घनमीटरला 350 किलो सिमेंट असेल तर 50 किलोच्या 7 गोण्या, म्हणजे एकूण 88. तुळयांचं माप वेगळं काढून त्यात मिळवा. साइटवर मिक्सर लावला असेल, तर संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा. 88 च्या जागी 70 भरल्या तर तो हप्ता थांबवा आणि इंजिनियरला बोलवा. त्याच दिवशी क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून घेतलेले असले पाहिजेत. 28 दिवसांचा निकाल आला की वाद नुसता तोंडी राहत नाही.

सळीचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून 162 ने भागा, मीटरला किलो मिळतात. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळी साधारण 10.66 किलो भरते. काट्याची पावती आणि मोजलेल्या सळ्या यांचा मेळ बसला नाही तर तिथेच विचारा. किनाऱ्याजवळच्या घराला सळीवरचं कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) 45 मिलिमीटर आणि काँक्रीट किमान एम 30 ताकदीच्या प्रतीचं लागतं. आतल्या तालुक्यात जमलेलं दरपत्रक तसंच उचलून किनाऱ्यावर लावलं की ठेकेदार नेमकी इथेच काटछाट करतो, आणि काही वर्षांत सळी गंजून काँक्रीट फुटू लागतं.

जादा कामाचं काय? तोंडी काही सांगू नका. जास्तीची एक खिडकी असली तरी माप, दर आणि दोघांच्या सह्या वहीत आधी घ्या. शेवटच्या हिशोबात भांडण बहुतेक याच पानांवरून होतं.