वारशात आलेले महायुद्धातले पिस्तूल ठेवावे की नाही

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४१ साली एरिट्रियातील केरेनला, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाकला आणि पुढे इटलीत लढल्या. साध्या शिपायाच्या हाती रायफल असे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांना आणि काही ठरावीक काम करणाऱ्यांनाच मिळे. त्यामुळे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या ट्रंकेत असे शस्त्र निघाले, तर ते त्यांनी पुढे रीतसर परवान्यावर घेतलेले असेल, शत्रूकडून हस्तगत केलेले असेल, किंवा सरकारी मालमत्ता असून परत करायचे राहून गेले असेल. यांपैकी नेमके काय घडले, यावर पुढचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. म्हणून आठवण म्हणून ठेवावे की देऊन टाकावे, हा वाद भावंडांनी पहिल्याच दिवशी सुरू करू नये.

आधी शस्त्राला हात लावणे थांबवावे. इतक्या वर्षांत ते रिकामेच असणार, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे; मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, एक काडतूस शिल्लक असू शकते आणि जुन्या स्प्रिंगवर किंवा सेफ्टीवर विसंबता येत नाही. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण नसेल तर ते आहे त्या जागी ठेवून खोलीला कुलूप लावावे आणि मुलांना दूर ठेवावे. सुटी काडतुसे भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नयेत. ओळख पटवण्यासाठी व्हॉट्सॲपवर छायाचित्रे फिरवणे आणि गावातल्या कारागिराकडून साफसफाई किंवा दुरुस्ती करून घेणे, हे दोन्ही मोह आवरावेत. शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.

त्यानंतर कागद शोधावेत. परवान्याची जुनी पुस्तिका बहुधा पेन्शनच्या किंवा जमिनीच्या कागदांत सापडते. तिच्यात शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप), क्रमांक आणि नूतनीकरणाचे शिक्के असतात. शेवटचा शिक्का कोणत्या वर्षाचा आहे, हे नीट पाहावे. मूळ परवाना वैध असला तरी तो परवानाधारकापुरताच असतो. त्यांच्या निधनानंतर शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार वारसाकडे आपोआप येत नाही, आणि ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार, ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही असे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. विहित मुदतीत परवाना मिळवून ते परत घेता येते किंवा विकता येते; मुदत उलटल्यास मात्र ते सरकारजमा होऊ शकते. माझ्या मते प्रत्येक कुटुंबाने याच मार्गाने सुरुवात करावी, कारण जमा केल्याने हक्क लगेच सुटत नाही आणि शांतपणे विचार करायला अवधी मिळतो. शस्त्र स्वतः पिशवीत घालून नेऊ नये. ठाण्यात लेखी कळवून त्यांनाच घरी बोलवावे, पंचनाम्यात क्रमांक नीट उतरवून घ्यावा आणि सही-शिक्क्याची पोच घ्यावी. परवाना कधी काढलाच नव्हता असे दिसले, तर फौजदारी कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा आणि त्यांच्यामार्फत पोलिसांना कळवावे. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची, तर निषिद्ध प्रकारच्या शस्त्राला किमान ७ वर्षांची कैद आहे.

‘निषिद्ध’ म्हणजे केवळ मशीनगन, अशी समजूत असते. वास्तविक महायुद्धातली बहुतेक सैनिकी पिस्तुले इथेच अडतात. ज्या पिस्तुलातून किंवा रिव्हॉल्व्हरमधून .३८० अथवा .४५५ ची रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) असलेली किंवा सैन्याची ९ मि.मी. काडतुसे उडू शकतात, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. म्हणजे ब्रिटिश-हिंदी सैन्यातले एनफील्ड आणि वेब्ली रिव्हॉल्व्हर, ब्राउनिंग हाय-पॉवर, जर्मन ल्युगर आणि वाल्थर पी-३८ ही सगळी त्यात आली. अशा शस्त्राचा परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाचा आहे. .३२ बोअरचे पिस्तूल मात्र स्थानिक पातळीवरच्या परवान्यात बसते.

म्हणून शस्त्रावरच्या खुणा महत्त्वाच्या. त्या शस्त्र जमा होताना जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. बाणाच्या खुणेखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या मालकीचे होते, आणि विक्रीचा कागद नसल्यास मालकीचा प्रश्न उभा राहतो. पी-३८ वर कारखान्याच्या नावाऐवजी ‘एसी’, ‘बीवायएफ’ किंवा ‘सीवायक्यू’ अशी संकेताक्षरे असतात. ती अनुक्रमे वाल्थर, माउझर आणि श्प्रेवेर्क यांची. इटालियन बेरेटा १९३४ वर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट राजवटीचे वर्ष कोरलेले असते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेल्या जपानी नांबू टाइप १४ वर ‘१८.५’ असे दिसले तर ते शोवा १८, म्हणजे १९४३ सालचा मे महिना होय. बेरेटाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी: त्याचे काडतूसही ९ मि.मी. म्हणवते, पण त्याचे पितळी कवच १७ मि.मी. लांबीचे असते आणि पी-३८ च्या काडतुसाचे १९ मि.मी.चे. पंचनाम्यात नुसते ‘९ मि.मी. पिस्तूल’ असे लिहिले गेले, तर पुढची सगळी प्रक्रिया चुकीच्या रुळावर जाऊ शकते.

‘ते गंजले आहे, चालत नाही, मग परवाना कशाला?’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. कलम ४५ मधील सवलत ही दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही अशाच जुनाट किंवा मोडक्या शस्त्रासाठी आहे, आणि ते तसे आहे हे तज्ज्ञाने ठरवायचे असते.

ठेवायचेच असेल, तर वारसांपैकी एकाने पुढे यावे लागते. त्याचे वय २१ पूर्ण असावे, शस्त्र-सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेले असावे. मृत्यू दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि एका परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका-पिस्तुले बाळगता येत नाहीत. परवाना वडिलांच्या नावे असून ते हयात असतील, तर त्यांनी वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगल्याची २५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल त्यानंतर वारसाला परवाना मिळावा म्हणून त्याचे नाव सुचवण्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. ती वेळीच वापरली तर पुढची बरीच धावपळ वाचते. मग कुलूपबंद लोखंडी कपाट, काडतुसे वेगळ्या कुलपात, ठरावीक मुदतीने नूतनीकरण आणि निवडणुकीच्या काळात आदेश आल्यास शस्त्र जमा करणे, हे सारे आले. कोकणातल्या दमट हवेत पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि पोलादावर डाग पडतात. होल्स्टर वेगळे जपावे.

घरात दारूचे व्यसन, टोकाचे भांडण किंवा कोणाच्या मनावर गंभीर ताण असेल, तर पिस्तूल घरात ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. परवाना मिळत असला तरीही. कोणालाच जबाबदारी नको असेल आणि केवळ ‘आजोबांचे आहे’ म्हणून अर्ज करायचा असेल, तर तेही पुरेसे कारण नाही.

विकायचे झाल्यास घेणाराही त्याच प्रकारच्या शस्त्राचा परवानाधारक हवा, आणि खासगी विक्रीपूर्वी प्रशासनाला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. निषिद्ध बोअरला गिऱ्हाईक फार थोडे. युद्धातला इतिहास कागदोपत्री दाखवता येत असेल, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राकडे किंवा एखाद्या सैनिकी संग्रहालयाकडे पोलिसांच्या परवानगीने देता येईल का, हे पत्राने विचारावे. त्यासाठी सेवा क्रमांक, डिस्चार्जचे कागद, आफ्रिका, इटली किंवा बर्मा स्टार ही पदके आणि ते पिस्तूल कसे मिळाले याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते, सगळे एका फाइलीत लावावे. पिस्तूल शेवटी कुठेही गेले, तरी ही फाइल आणि पोलिसांची पोच घरातच राहू द्यावी.