लेकरांना मापं शिकवताय? या चुका टाळा

पेन्सिल 7 सेंटिमीटरची आणि लेकरू सांगतं 8. पहिली-दुसरीच्या वर्गात ही चूक हमखास दिसते. "अरे, शून्यापासून मोज!" असं मीही बरीच वर्षं ओरडत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा 8. कारण ते रेघा मोजत असतं. 0 पासून 7 पर्यंत रेघा आठ, पण घरं सातच. आणि मोजायची असतात ती घरं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

यावर तुटकी पट्टी कामाला येते. 3 पासून पुढचा तुकडा हातात द्या आणि तीच पेन्सिल मोजायला लावा. टोक 10 वर येतं, उत्तरही "दहा" येतं. आता एकेका घरावर बोट ठेवून मोजू द्या. सात भरली की लेकरू पट्टीकडं संशयानं बघायला लागतं. तुटक्या पट्ट्या फेकू नका, एवढंच सांगते.

पट्टीआधी वीत. दोघांनी एकच बाक वितीनं मोजला की उत्तरं वेगळी येतात आणि भांडण लागतं. ते मिटवायची घाई नको, सगळ्यांना चालेल असं एकच माप का लागतं हे त्या भांडणातच कळतं. फक्त करंगळी टेकली तिथूनच पुढची वीत सुरू होते का, मध्ये फट तर राहत नाही ना, एवढं बघा.

दुसरी मोठी चूक म्हणजे घरातली मापं हुसकावून लावणं. दशमान मापांचा कायदा 1956 साली झाला, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव क्विंटलवर निघतो, तरी खेड्यातल्या आजीच्या तोंडी पायली, म्हणजे धान्य भरून मोजायचं जुनं माप, असतेच. लेकरानं वर्गात "पायली" म्हटलं की आपण "ते जुनं झालं" म्हणून गप्प करतो. उलट दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, यात दुप्पट-निमपट आयतीच शिकून होते. पुढं एक मापटं ज्वारी घ्या. एकदा शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग येईल असं भरा, एकदा वरून हात फिरवून सपाट करा आणि दोन्ही काट्यावर ठेवा. आकडे वेगळे आले की पोरं चमकतात. मग त्याच मापट्यानं सपाट करडई भरून तोला. माप तेच, वजन वेगळं.

हे झालं नाही तर पुढं "एक लिटर तेल म्हणजे एक किलो" हमखास येतं. त्याला तेलाची पिशवी वाचायला द्या: 1 लिटर आणि खाली साधारण 910 ग्रॅम. पाण्याच्या बाबतीत लिटर आणि किलो जवळपास जुळतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

ओतून बघायचे प्रयोग आपल्याकडं पाण्यानं करू नका, निदान उन्हाळ्यात तरी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या भागात परातीत पाणी सांडून दाखवणं मला तरी जमत नाही. कोरडी वाळू किंवा ज्वारी घ्या. उंच पेल्यातली ज्वारी पसरट वाटीत ओतली की लहान लेकरू "कमी झाली" म्हणतं. लगेच दुरुस्त करू नका, परत पेल्यात ओतायला सांगा. पाच-सहा वर्षांच्या लेकराला हे पटायला काही महिनेही लागतात.

आणि "दीड". घड्याळात दीड म्हणजे 1:30, म्हणून लेकरू दीड मीटर 1.30 असं लिहितं. पेपरात नुसती फुली मारली तर ते दोन्हीकडं गोंधळतं. वेळ लिहिताना फळ्यावर दशांशाचं टिंब देऊ नका. मीटर शिकवताना दोरीची घडी घालून अर्धा, पाव, पाऊण हाताला लागू द्या. "पावणेदोन" म्हणजे दोनाला पाव कमी, हेही दोरीवरच दाखवा. नाहीतर निम्मा वर्ग ते 2.75 लिहून मोकळा होतो.