हेअर ट्रान्सप्लांट झालं, आता डोकं सांभाळायचं कसं?

हेअर ट्रान्सप्लांटचं ऑपरेशन सहा-आठ तासांत आटपतं आणि माणूस बहुधा त्याच संध्याकाळी घरी येतो. खरी परीक्षा तिथून सुरू होते. डोक्याला काहीतरी लावल्याशिवाय, चोळल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही. आजी तेलाची वाटी घेऊन येते, शेजारी कांद्याचा रस सुचवतात, कुणी हळद, कुणी कोरफड. या काळात यातलं काहीही नको. बरं होण्याचं बहुतेक काम कातडी आपलं आपण करते. आपण तिच्या आड यायचं नाही, आणि ते वाटतं तितकं सोपं नसतं.

पुढे दिलेले दिवस सर्वसाधारण आहेत. डिस्चार्जच्या वेळी सर्जनने दिलेल्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर तो कागद खरा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच करून ठेवायची कामं

डोक्यातून ओढून घालावे लागणारे टी-शर्ट कपाटात ठेवा आणि पुढून बटणांचे चार-पाच शर्ट बाहेर काढा. प्रवासात मानेभोवती घालतात ती उशी आणा. डागाळले तरी चालतील असे दोन जुने पण स्वच्छ टॉवेल उशीवर अंथरायला हवेत. पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहिलेली अँटिबायोटिक आणि सलाईनची स्प्रे-बाटली आधीच घरात असू द्या. ऑपरेशनहून परतताना स्वतः गाडी चालवायची नाही. बाईकवर मागे बसायचं तर नावच काढू नका.

रजा निदान आठवडाभराची काढा. गुरुवारी ऑपरेशन आणि सोमवारी ऑफिस, असा हिशोब अनेकजण करतात. सूज नेमकी त्याच सुमारास चेहऱ्यावर उतरते.

पहिल्या तीन रात्री

झोपताना डोकं वर हवं, साधारण ३० ते ४५ अंशांत. पाठीमागे दोन-तीन उश्या रचून, मानेला ती गोल उशी लावून उताणं झोपायचं. आरामखुर्ची मागे कलत असेल तर तीही चालते. कुशीवर किंवा पालथं झोपायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना लोड लावून घ्या, नाहीतर झोपेत कधी वळलात ते कळणारही नाही. तीन रात्रींनंतर कोन कमी केला तरी चालतो, पण नवे केस रोवलेला भाग उशीवर घासायचा नाही, हे पथ्य आठ-दहा दिवस पाळायचं.

पहिल्या रात्री टॉवेलवर गुलाबी-लालसर पाण्याचे डाग पडतात. डोक्याचा मागचा भाग, म्हणजे डोनर एरिया, जिथून केस काढलेत, तिथून ते झिरपतं. घाबरू नका. थेंब थेंब रक्त चालूच राहिलं तर स्वच्छ गॉज त्या जागी हलक्या, सलग दाबाने १०-१५ मिनिटं धरा, मधेमधे उचलून बघू नका. हे फक्त मागच्या भागासाठी. पुढे रोवलेल्या भागातून रक्त येत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. दाबून धरण्याच्या नादात ग्राफ्टच, म्हणजे मुळासकट रोवलेले केस, गॉजला चिकटून येऊ शकतात.

जागे असताना पहिले दोन-तीन दिवस दर अर्ध्या-एक तासाने रोवलेल्या भागावर सलाईनचा फवारा मारायचा. बाटली वीतभर लांब धरा. खपली कोरडी, कडक होऊ न देणं हा त्यामागचा हेतू. नळाचं पाणी, गुलाबपाणी वगैरे त्या बाटलीत भरू नका.

सूज डोळ्यांवर येते तेव्हा

ऑपरेशनच्या वेळी टाळूत भूल आणि इतर द्रव बऱ्यापैकी टोचलेला असतो. तो हळूहळू खाली उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ फुगतं, मग भुवयांमधला भाग, आणि काहींचे डोळे चौथ्या दिवशी सकाळी अर्धवट मिटलेले असतात. आरशात बघून माणूस हादरतो, पण याने ग्राफ्टला काही होत नाही आणि आठवड्याच्या आत चेहरा पूर्ववत होतो. कपाळावर, भुवयांच्या वरच्या पट्टीत, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं धरायला हरकत नाही. रोवलेल्या केसांवर बर्फ कधीही नाही. काही सर्जन सूज कमी करण्यासाठी थोड्या दिवसांची स्टेरॉइडची गोळी देतात. मधुमेह असेल तर ही गोळी साखर वाढवते, म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

दुखणं बहुधा मागच्या बाजूला असतं आणि पॅरासिटामॉलने भागतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करायची नाही. काही थोड्या रुग्णांना ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस उचकी लागते. हे विचित्र वाटलं तरी डॉक्टरांना माहीत असलेलं लक्षण आहे आणि त्यावर औषध मिळतं.

पहिली धुणी

सर्वांत जास्त भीती याचीच असते. कुणी दुसऱ्या दिवशी धुवायला सांगतं, कुणी तिसऱ्या. अनेक ठिकाणी पहिल्यांदा क्लिनिकमध्येच धुऊन देतात. बोलावलं तर जाच, आणि ते कसं करतात ते नीट बघून ठेवा. घरी असं करा:

१. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या.

२. मगमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात सांगितलेला सौम्य शॅम्पू टाका आणि फेस काढा. शॅम्पू थेट डोक्यावर ओतायचा नाही.

३. तो फेस तळव्यावर घेऊन रोवलेल्या भागावर नुसता ठेवा. चोळायचं नाही, पसरवायचंही नाही. हवं तर बोटांच्या पेरांनी टिपल्यासारखं अलगद दाबा. पाच मिनिटं थांबा.

४. मागच्या भागावर बोटांनी हळू गोल फिरवलं तरी चालतं. उलट तिथली खपली आणि वाळलेलं रक्त निघायलाच हवं.

५. मगमधून बारीक धारेने पाणी सोडा. तो मग डोक्याजवळ धरा, उंचावरून नको. शॉवरखाली थेट डोकं धरायला दहा दिवस थांबा.

६. मागचा भाग टॉवेलने टिपा. पुढचा तसाच वाऱ्यावर वाळू द्या. पंखा चालतो, गरम हवेचा ड्रायर नाही.

हे रोज एकदा. घाबरून आठ-आठ दिवस डोकं न धुणाऱ्यांची खपली जाड होऊन बसते, मग ती काढताना त्रास होतो आणि खाली जंतुसंसर्गाला आयती जागा मिळते. माझ्या मते धुण्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा न धुण्याने होणारं नुकसान जास्त.

खपल्या, खाज आणि आठवा दिवस

प्रत्येक ग्राफ्टभोवती खसखशीएवढी खपली धरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते, आणि ती नखं टोचून खाजवावंसं वाटेल अशीच असते. सलाईनचा फवारा मारा, फार झालं तर डॉक्टर अँटीहिस्टामिन देतात. रात्री झोपेत हात डोक्याकडे जात असेल तर सुती मोजे हातात घालून झोपा.

ग्राफ्ट घट्ट कधी होतो, यावर अमेरिकेतले केशरोपण सर्जन बर्नस्टीन आणि रासमन यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिले दोन दिवस रोवलेला केस ओढला की ग्राफ्ट हमखास बाहेर आला. नुसता केस ओढून ग्राफ्ट निघण्याचा धोका सहा दिवसांनंतर उरला नाही. पण चिकटलेली खपली ओढली तर हाच धोका नवव्या दिवसापर्यंत राहतो. म्हणून डॉक्टर दहा दिवसांचं बोलतात, आणि म्हणूनच खपली ओढायची नाही, भिजवून सोडवायची. आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी हलकं गोल फिरवा. दोन-तीन धुण्यांत बहुतेक खपल्या जातात.

खपलीबरोबर केस आला आणि त्याच्या टोकाला पांढरट गाठ दिसली की लोक रडकुंडीला येतात. ते मूळ नव्हे. मूळ आत शाबूत असतं, वरचा केस तेवढा सुटलेला असतो. ग्राफ्ट खरंच निघाला तर त्या ठिकाणी ताजं रक्त येतं, तेही बहुतेक पहिल्या काही दिवसांत. रक्त नाही तर ग्राफ्ट गेलेला नाही.

पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे डोकं आपटणं. कारच्या डिकीचं झाकण, रिक्षाची वरची दांडी, स्वयंपाकघरातलं उघडं राहिलेलं कपाट. देवघरासमोर किंवा मोठ्यांपुढे वाकून नमस्कार करायलाही काही दिवस सुट्टी घ्या, हात जोडले तरी पुरे. वाकल्याने डोक्यात रक्त उतरतं, सूज वाढते. बुटांची लेस बसून बांधा.

हेल्मेट, ऊन, जिम, दारू

पुण्यात राहणाऱ्यांचा पहिला प्रश्न हेल्मेटचा असतो. हेल्मेट घालताना आणि काढताना घासतं, म्हणून साधारण दोन-तीन आठवडे नको. हेल्मेटशिवाय बाईक हा त्यावरचा उपाय नाही, तेवढे दिवस बस किंवा रिक्षा. सैल टोपी डॉक्टर आठवड्याच्या आत-बाहेर चालवून घेतात. महिनाभर थेट ऊन टाळा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. कोवळी कातडी उन्हात काळवंडते आणि आपल्या वर्णाच्या कातडीवर तो डाग रेंगाळतो. लोकलच्या गर्दीत डोक्यावर कुणाची बॅग आदळेल ते सांगता येत नाही, तेव्हा जमल्यास दहा दिवस घरून काम.

चालायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हरकत नाही. घाम काढणारा व्यायाम दोन आठवड्यांनी. पट्टी कापून केस घेतले असतील, म्हणजे एफयूटी पद्धत असेल, तर टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात आणि वजन उचलणं महिनाभर बंद, नाहीतर ताणाने व्रण रुंदावतो. स्विमिंग पूल आणि समुद्र महिन्यानंतर. गोव्याची ट्रिप पुढे ढकला. रंगपंचमी किंवा विसर्जन मिरवणूक महिन्याच्या आत येत असेल तर गुलाल लांबूनच बघा.

दारू निदान आठवडाभर नको. तंबाखूचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि नव्या ग्राफ्टचं सगळं जगणंच रक्तपुरवठ्यावर असतं. सिगारेट सोडली पण तंबाखू-चुना चालू, याला सोडणं म्हणत नाहीत. गुटखा आणि मिश्रीही त्यातच आल्या. ऑपरेशनआधी आणि नंतर दोन-दोन आठवडे पूर्ण बंद.

डॉक्टरांना लगेच कधी गाठायचं

ताप येणं, पू येणं, तीन-चार दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, लाली पसरत जाणं. रोवलेल्या भागातला एखादा तुकडा जांभळा-काळा पडला तर एक तासही थांबू नका, तिथला रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. असं क्वचित होतं, पण होतं. गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, सरळ जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल गाठा.

फोन नक्की कुणाला करायचा, हे ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं बरं. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायचं, असं सांगितलं आहे. ऑपरेशननंतर भेटायला डॉक्टरऐवजी सेल्सवालाच येत असेल तर ती धोक्याची खूण समजा. परदेशातून रजेवर येऊन इथे ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी परतीचं तिकीट निदान दहा दिवसांनंतरचं काढावं.

मग केस गळतात

दुसऱ्या आठवड्यापासून सहा-आठ आठवड्यांपर्यंत रोवलेले बहुतेक केस गळून जातात. हे ठरलेलं आहे. धक्क्याने मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि केस टाकून देतात. आजूबाजूचे जुने केसही कधीकधी झडतात. त्यातले धडधाकट परत येतात, आधीच बारीक झालेले काही येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोकं ऑपरेशनआधीपेक्षाही विरळ दिसू शकतं, आणि नेमकं त्याच वेळी एखाद्या लग्नात कुणीतरी विचारतं, ‘काय रे, पैसे फुकट गेले?’ उत्तर देत बसू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, थोडे वेडेवाकडे केस दिसू लागतात. त्याच सुमारास टाळूवर मुरमासारखे पुरळ येतात. एक-दोन असतील तर गरम पाण्याच्या फडक्याने शेका, फोडू नका, जास्त असतील तर डॉक्टरांना दाखवा. टाळूचा बधिरपणाही काही आठवडे ते काही महिने टिकतो. सहाव्या महिन्यापर्यंत फरक लोकांच्या लक्षात येतो, पुढच्या बाजूचा अंदाज १२ महिन्यांनी, आणि भोवऱ्याकडचा भाग भरायला दीड वर्षही लागतं. फोटो महिन्यातून एकदाच काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, केस कोरडे असताना. रोज आरशासमोर उभं राहून काही कळत नाही.

कात्रीने केस कापायला तीन-चार आठवड्यांनी चालतं, रोवलेल्या भागावर मशीन तीन महिन्यांनी. सलूनमध्ये ‘चंपी नको’ हे खुर्चीत बसायच्या आधी सांगा. डाय महिना-दीड महिन्यानंतर. तेल लावायची हौस असेल तर महिन्यानंतर डॉक्टरांना विचारून लावा. त्याने केस मऊ होतील, नवे येणार नाहीत.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी टाळूला लावायचं औषध, पुन्हा कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारा, घाई केली तर त्यातल्या अल्कोहोलने कातडी चरचरते. केसगळती रोखायला पुरुषांना दिली जाणारी फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली असेल तर तिचे दुष्परिणाम, त्यात लैंगिक तक्रारीही आल्या, आधी समजून घ्या. घरातल्या गरोदर बाईने ही गोळी फुटलेली असेल तर हाताळू नये. मागून आणलेले केस टक्कल आणणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, पण त्यांच्या शेजारचे जुने केस देतात. औषध सोडलं आणि जुने केस मागे हटत गेले तर रोवलेला भाग मधेच बेटासारखा उरतो. पुन्हा ग्राफ्ट टाकायचा विचार पहिल्या ऑपरेशनचं वर्ष पूर्ण झाल्यावरच करा, आणि त्याआधी डोनर एरियात अजून किती केस घेण्यासारखे उरलेत, हे सर्जनकडून मोजून घ्या.