कोकणातल्या गाडीचा इनटेक: आधी नळीने मोजा, मग पाइप कापा

इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, बदलायचा म्हटलं की बरेच जण थेट शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणून पाइपाच्या तोंडाला अडकवतात. कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) माळ्यावर जातो, बॉनेटखालून झकास घरघर येते आणि गाडी जास्त ओढते असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात तो फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारची तापलेली हवा ओढत असतो. हवा दर ३ अंशांना साधारण १ टक्का विरळ होते. मे महिन्यात वाहतूक तुंबली की बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा २०-३० अंश जास्त सहज असतात. म्हणजे फिल्टर कितीही मोकळा असला तरी ७ ते १० टक्के हवा तिथेच गेली. त्यात चिरेखाणीच्या रस्त्याची लाल धूळ, खारा वारा आणि चार महिने पाऊस. इथे कंपनीचा बॉक्स ठेवून त्याची वाट मोकळी करणंच परवडतं.

१.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० लिटरच्या आसपास हवा ओढतं. ती नेमकी कुठे अडते हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजायचं. खर्च शंभर-दोनशे रुपये.

गवंडी लेव्हलला वापरतो ती पारदर्शक नळी तीन-चार मीटर घ्या. ७० सेंमी उंचीच्या फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बसवा, शेजारी मेजर टेप चिकटवा. दोन्ही बाजूंना निम्म्यापर्यंत पाणी भरा, दिसायला चिमूटभर कुंकू टाका. एक टोक केबिनमध्ये उघडं, दुसरं इनटेकला. काचा बंद, पंखा बंद. इनटेककडच्या नळीत मध्ये छोटी रिकामी बाटली जोडा, म्हणजे पाणी चढलंच तर बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही.

इनटेकला तीन ठिकाणी ६ मिमीची भोकं पाडा: बॉक्समध्ये फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या नंतर, आणि थ्रॉटल बॉडीच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) जरा अलीकडे पाइपावर. भोक पाडताना बॉक्स आणि पाइप गाडीतून बाहेर काढलेलेच हवेत, भुसा आत राहिला तर तो पुढे इंजिनातच जाणार. नळीचं टोक आतल्या भिंतीशी सपाट ठेवा, आत घुसलं की आकडा चुकतो. एका वेळी एकच भोक वापरा, बाकीची रबरी बूच लावून बंद. मग रिकाम्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन वरच्या आरपीएमपर्यंत न्या. नळी वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने फळीकडे बघायचं नाही.

दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक घ्यायचा. १० सेंमी फरक म्हणजे हवेच्या दाबात जवळपास १ टक्का घट. थ्रॉटलपाशी एकूण २५ सेंमी आले, तर सगळे अडथळे शून्य केले तरी फायदा अडीच टक्क्यांच्या वर जाणार नाही. विक्रेता दहा टक्के सांगत असेल तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. पहिल्या भोकाला १२, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला २५ आले, तर सगळ्यात मोठा अडथळा फिल्टरच्या आधीच्या नाकाडात, म्हणजे बाहेरची हवा बॉक्समध्ये आणणाऱ्या तोंडात आहे, त्याच्या खालोखाल पुढच्या पाइपात, आणि फिल्टर बिचारा फक्त ५ सेंमी खातोय. बहुतेक गाड्यांत चित्र साधारण असंच निघतं.

नाकाड

बॉक्सला हवा देणारी वाट मोकळी करायची तर हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलच्या वरच्या कडेकडून ६० ते ७५ मिमीचा पाइप आणा. तोंड हेडलाइटच्या मध्यरेषेच्या वरच हवं. बंपरच्या खालच्या जाळीतून हवा घ्यायचा मोह होतो, कारण तिथे जागा असते आणि हवा गार असते. पण पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणीही तिथूनच येतं. तोंड सरळ समोर न ठेवता आडवं वळवा. पाइप पीव्हीसीचा असेल तर तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे एक्झॉस्टच्या बाजूने नेऊ नका.

पाइपाचं तोंड करवतीने कापून तसंच सोडलं तर धारदार कडेवर हवा भिंतीपासून सुटते आणि वाट आतून अरुंद होते. कर्ण्यासारखी गोल वळलेली कड लावा, ६० मिमीच्या पाइपाला वळण १२ ते १५ मिमी त्रिज्येचं पुरतं. एवढ्याशा कडेने पाण्याची उंची कमी झालेली फळीवर स्पष्ट दिसते. वाटेवर बसवलेला रेझोनेटरचा पोकळ डबा मात्र काढू नका. तो आवाज कमी करण्यासाठी असतोच, शिवाय काही गाड्यांत मधल्या आरपीएमची ओढही त्यावर बेतलेली असते.

फिल्टर

मूळ मापाचा चांगला कागदी फिल्टर लाल धुळीला उत्तम. तेल लावलेला कापडी फिल्टर हवा थोडी जास्त सोडतो, पण तेल जास्त झालं की ते आत जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मिश्रण बिघडतं. खाणीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी दर ५००० किमीला फिल्टर उघडून बघावा. उलट्या बाजूने हलकी हवा मारली तर चालते, पण पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबाने मारला की कागद फाटतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला की आधी पिकअप पडतो, मायलेज फारसं हलत नाही. म्हणून 'अ‍ॅव्हरेज ठीक आहे' हा फिल्टर ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

बॉक्स बंद करण्याआधी फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात द्या. हजार किमीनंतर फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची भिंत पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं लालसर झालं तर क्लिप सैल आहे किंवा कड वाकली आहे. ही माती सिलिंडरमध्ये सॅंडपेपरचं काम करते.

पुढचा पाइप

नालीदार रबरी पाइपाच्या जागी आतून गुळगुळीत पाइप आणि सिलिकॉनचे जोड लावता येतात. इंजिन त्याच्या रबरी माउंटवर हलतं, म्हणून निदान एक जोड लवचीक ठेवा. सगळंच ताठ केलं की काही महिन्यांत एअरबॉक्सच्या गळ्याला चीर जाते. एमएएफ असेल तर त्याचं मूळ घर तसंच ठेवा. व्यास बदलला की सेन्सर हवा चुकीची मोजतो. त्याच्या आधी शक्य तितका सरळ पाइप द्या. क्रॅंककेसची श्वासनळी (इंजिनाच्या तळातली तेलकट वाफ बाहेर नेणारी नळी) परत फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूलाच जोडा. ती उघडी सोडून शेजारी छोटा फिल्टर लावायची पद्धत आहे, तिथून बॉनेटभर तेलाचा वास सुटतो. क्लॅम्प ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. साधे क्लॅम्प मालवण-वेंगुर्ल्याच्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत गंजून स्क्रू फिरत नाही.

जोडणी झाल्यावर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावा. लॉंग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधनात करत असलेली कायमची दुरुस्ती, कामाआधी लिहून ठेवलेलीच असावी. आता ती अधिक १० टक्क्यांच्या वर गेली, तर एमएएफच्या पुढे कुठेतरी चोरटी हवा शिरते आहे. एमएएफऐवजी मॅप सेन्सर (थ्रॉटलनंतरचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत थ्रॉटलआधीची गळती ट्रिममध्ये दिसतच नाही, तिथे फडक्यावरच भरवसा. इनटेक हवेचं तापमान ६० किमी वेगाला बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त राहिलं, तर नाकाड अजून गरम हवा ओढतंय. आंबोलीला, सुमारे ७०० मीटरवर, सावंतवाडीपेक्षा हवा सहाएक टक्के विरळ असते. तिथे टर्बो नसलेली गाडी धापणारच, त्याला इनटेक जबाबदार नाही.

वॉरंटीतल्या गाडीला हे काम करण्याआधी तिच्या अटी वाचून घ्या.

बॉक्सच्या तळाला पाणी जायचं छोटं भोक असतं, ते लाल चिखलाने बुजतं. जूनआधी तारेने मोकळं करा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तसा प्रसंग आला, किंवा मोरीवरच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर परत सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, फिल्टर हाताने चाचपा. ओला लागला तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन पान्याने हाताने फिरवून आतलं पाणी बाहेर येऊ द्या.