महारेराचा एजंट नंबर मिळाला, आता तो टिकवायचा कसा?

वीस तासांचं प्रशिक्षण, बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेमार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा, एकट्या व्यक्तीला १० हजार आणि फर्म किंवा कंपनीला १ लाख रुपये शुल्क, मग पाच वर्षांसाठी नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात घरांच्या दलालीत उतरणाऱ्याला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, एवढं पार पाडावं लागतं आणि नव्या मुलामुलींचा सगळा जीव त्या परीक्षेत अडकलेला असतो. परीक्षा सोपी आहे. अवघड आहे ते पुढचं: नंबर कशामुळे जातो, दंड कसा मोजतात आणि नोटीस आली तर पहिल्या दिवसापासून काय करायचं. या कायद्यात कोणालाही न फसवता अडकता येतं. एक जुनी जाहिरात, एक हरवलेली पावती किंवा दुसऱ्याच्या नावावरचा ई-मेल तेवढ्याला पुरतो.

आधी चौकट समजून घ्या. १९६३ च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्यात बिल्डरवर बंधनं होती, पण दलालाला कसलीच नोंदणी नव्हती. २०१६ चा स्थावर संपदा कायदा (रेरा) १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि एजंट पहिल्यांदा कायद्याच्या कक्षेत आला. तुमच्यासाठी तीन कलमं पाठ हवीत. कलम ९ म्हणजे नोंदणी, कलम १० म्हणजे कर्तव्यं आणि कलम ६२ म्हणजे दंड. एजंटची व्याख्या फार रुंद आहे. विकणारा आणि घेणारा यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देऊन मोबदला घेणारा प्रत्येक जण तिच्यात येतो, मग तो स्वतःला सीपी (चॅनेल पार्टनर) म्हणो, सल्लागार म्हणो, नाहीतर ‘मी फक्त रेफरन्स दिला’ असं म्हणो. सोसायटीच्या वॉचमनने गिऱ्हाईक पाठवून पाकीट घेतलं, तरी व्याख्येच्या दृष्टीने त्यात आणि तुमच्यात फरक नाही.

नोंदणीची सक्ती आहे ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. निव्वळ भाड्याची दलाली या व्याख्येत येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. इथे एक चूक हमखास होते. बिल्डर सांगतो, ‘आपला प्लॉट छोटा आहे, नंबरची गरज नाही.’ प्रत्यक्षात शेजारचे दोन प्लॉट मिळून एकच आराखडा मंजूर झालेला असतो. तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मंजूर नकाशावरचं क्षेत्रफळ स्वतः वाचा.

आता दंडाचं गणित. कलम ९ किंवा १० मोडलं तर चूक चालू असेल त्या प्रत्येक दिवसाला १० हजार रुपये, आणि एकूण मर्यादा त्या घराच्या किमतीच्या ५ टक्के. समजा ८० लाखांचा फ्लॅट आहे. ५ टक्के म्हणजे ४ लाख, म्हणजे चाळिसाव्या दिवशी मर्यादा गाठली. त्याच फ्लॅटवर २ टक्के दलाली धरली तर हाती येतात १ लाख ६० हजार, त्यातूनही कर वजा. एका व्यवहाराचा दंड दोन व्यवहारांची कमाई खाऊन वर उरतो. म्हणून चूक लक्षात आली की ती त्याच दिवशी थांबवणं हा पैशाचाही प्रश्न आहे. प्राधिकरणाचा आदेश पाळला नाही तर कलम ६५ खाली वेगळा दंड, तोही दिवसागणिक आणि ५ टक्क्यांपर्यंत. अपील न्यायाधिकरणाचा आदेश मोडला तर कलम ६६ खाली एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

सर्वांत जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे जाहिरात. कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत कुठल्याही माध्यमातली, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी येते. व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टाग्रामवरची रील, मालमत्ता पोर्टलवरची नोंद, चौकातला फ्लेक्स, गाडीच्या काचेवरचं स्टिकर, सगळं त्यात आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत प्रकल्पाचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता तर हवाच, आणि तोही संपर्काच्या नंबराइतक्या किंवा त्याहून मोठ्या अक्षरात, कोपऱ्यात मुंगीएवढा नव्हे. चुकीला ५० हजारांपर्यंत दंड आहे. जाहिरातींवर नजर ठेवायला महारेराने भारतीय जाहिरात मानक परिषदेची मदत घेतलेली आहे. त्यामुळे ग्राहकाने तक्रार केली नाही तरी नोटीस येते.

इथे नवा माणूस कसा अडकतो ते पाहा. बिल्डरच्या ग्रुपवर एक देखणं पोस्टर येतं. तो त्यावरचा बिल्डरचा फोन नंबर कापून स्वतःचा टाकतो, आणि कापताना खालची पट्टी जाते, त्याच पट्टीत क्यूआर कोड असतो. ही जाहिरात आता बिल्डरची राहिली नाही, तुमची झाली. दुसरा प्रकार: प्रकल्प सहा महिन्यांपूर्वी विकून संपला, पण पोर्टलवर जुन्या दरासह नोंद तशीच आहे. जे द्यायचंच नाही त्याची जाहिरात चालू ठेवणं हा कलम १० मधला अनुचित व्यापार प्रथांवरच्या बंदीचा सरळ भंग आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वतःच्या नावाने आणि मोबाइल नंबराने गुगलवर शोध घ्या, जुनं सापडेल ते काढा, काढल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्री-लाँच या शब्दापासून दहा हात लांब राहा. नोंदणी क्रमांक मिळण्याआधी बिल्डरला जाहिरात, बुकिंग, विक्री यांतलं काहीच करता येत नाही, आणि तुम्हाला अशा प्रकल्पात मध्यस्थी करता येत नाही. ‘आपण बुकिंग घेत नाही, फक्त ईओआय (घर घेण्याची इच्छा दाखवणारं पत्र) घेतोय, चेक परत मिळणार आहे’ ही पळवाट सीपी मीटमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. घर मिळावं म्हणून माणसाकडून पैसे घेतले आणि नाव यादीत टाकलं, तर कागदाला काय नाव दिलं याला फार अर्थ उरत नाही. शिवाय क्रमांक असणं पुरेसं नाही, तो आज जिवंत आहे का हेही बघायचं. मुदत संपलेल्या किंवा महारेराने स्थगित केलेल्या प्रकल्पात विक्री बंद असते. तिमाही माहिती न भरल्यामुळे प्रकल्प स्थगित झाल्याची उदाहरणं आहेत. साइट व्हिजिटला गिऱ्हाईक नेण्याच्या दिवशी संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. त्याची स्थिती, पूर्णत्वाची तारीख आणि मंजूर मजले बघा आणि पान पीडीएफ करून ठेवा.

तोंडी बोलणंही कायद्यात मोजलं जातं. कलम १० मध्ये तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपातलं खोटं विधान असे स्पष्ट शब्द आहेत. ‘हजार स्क्वेअर फुटांचा टू बीएचके’ म्हणताना कोणता आकडा सांगताय? विक्री कार्पेटवरच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रफळावरच होते, आणि कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची येत नाही. उघडं पार्किंग हा सामाईक भाग आहे. ‘एक पार्किंग तुमच्या नावावर करून देतो’ असं उघड्या जागेबद्दल बोललात तर ते पाळता येणारच नाही. ‘मेट्रो दोन वर्षांत’, ‘समोर कधीच टॉवर होणार नाही’, ‘बँकेने प्रकल्प पास केलाय म्हणजे सगळं क्लिअर’ ही वाक्यं आजपासून बंद. गावाकडच्या प्लॉटबाबत ‘एनए (बिगरशेती) होतंच आहे’ हे तर सर्वांत घातक, कारण शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेताच येत नाही. एनए न झालेला प्लॉट घेऊन बसलेल्या माणसाची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकते. दंड भरून तुम्ही सुटाल, तो सुटत नाही.

आता फाइल. कलम १० नुसार हिशोब आणि कागद जपणं हे तुमचं कर्तव्य आहे, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा हक्क आहे ती त्याच्या हाती पडेल हे बघणंही. मंजूर नकाशे, लेआउट, तपशील आणि टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक त्यात येतं. दिलंत हे नंतर सिद्ध कसं करणार? बुकिंगच्या दिवशी हे सगळं एकाच ई-मेलने पाठवा, विषयात प्रकल्पाचा क्रमांक आणि सदनिका क्रमांक लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल फोन बदलला की जाते. प्रत्येक व्यवहाराची एक वेगळी फाइल करा: ग्राहकाची पहिली चौकशी, साइट व्हिजिटची तारीख, दिलेले कागद, भरलेली रक्कम कोणाच्या खात्यात गेली, बिल्डरशी दलालीचं पत्र, तुमचं बिल, करकपातीचं प्रमाणपत्र. तुमचा नोंदणी क्रमांक बिलावर, लेटरहेडवर, व्यवहाराच्या प्रत्येक कागदावर हवा. दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही, त्यामुळे तो पहिल्या साइट व्हिजिटच्या आधी लेखी घ्या.

टोकन कधीही स्वतःच्या खात्यात किंवा रोख घेऊ नका, ग्राहक कितीही ओळखीचा असो. पैसे बिल्डरच्या त्या प्रकल्पाच्या खात्यातच जायला हवेत. १० टक्क्यांहून जास्त रक्कम विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. तुमच्या सांगण्यावरून ग्राहकाने २० टक्के भरले आणि करार झालाच नाही, तर तक्रारीत बिल्डरच्या नावाखाली तुमचं नाव येणार. परतावा आणि व्याज देण्याची जबाबदारी बिल्डरची असते, पण कलम १० चं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

दुसऱ्याचा नंबर वापरण्याची पद्धत बाजारात सर्रास आहे. काकांचा नंबर, मित्राच्या फर्मचा नंबर, त्यावर बिल काढायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. यात दोघंही अडकतात: वापरणारा विनानोंदणी व्यवसायासाठी आणि देणारा नोंदणीच्या अटी मोडल्याबद्दल. खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल किंवा अट मोडली असेल तर कलम ९ खाली ती निलंबित किंवा रद्द होते, मात्र त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोंदणी रद्द झालेल्या एजंटचं नाव आणि छायाचित्र महारेराच्या संकेतस्थळावर दिसतं. बँक, बिल्डर, गिऱ्हाईक कोणीही ते पाहू शकतं.

निलंबन फक्त फसवणुकीवरून होतं असं समजू नका. २०२४ मध्ये महारेराने सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. कारण १ जानेवारी २०२४ पर्यंत सक्षमता प्रमाणपत्र घेऊन ते संकेतस्थळावर चढवायचं होतं आणि ते झालं नव्हतं. परीक्षा पास होऊनही प्रमाणपत्र खात्यात न टाकणं म्हणजे कायद्याच्या लेखी परीक्षा न दिल्यासारखंच. नोंदणी संपण्याची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि आठवण सहा महिने आधीची लावा. स्थगितीच्या काळात केलेला सौदा हा विनानोंदणी सौदाच ठरतो.

नोटीस आली तर? आधी ती तुमच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. नोंदणीचा फॉर्म बऱ्याचदा सायबर कॅफेवाला किंवा सीएच्या ऑफिसातला मुलगा भरतो आणि स्वतःचाच ई-मेल टाकून देतो. नोटिसा तिथे जातात, सुनावणीला कोणी हजर राहत नाही आणि एकतर्फी आदेश होतो. आज लॉगइन करून ई-मेल, मोबाइल आणि पत्ता तपासा.

नोटीस वाचताना तीन गोष्टींवर लाल पेनाने खुणा करा: कोणतं कलम, कोणता प्रकल्प आणि उत्तराची शेवटची तारीख. आक्षेप असलेली जाहिरात लगेच काढा, पण आधी ती जशी आहे तशी जपून ठेवा. उत्तर मुद्देसूद द्या, नोटिशीच्या परिच्छेदांच्या क्रमाने, प्रत्येक मुद्द्याला एक जोडपत्र. चूक खरी असेल तर मान्य करा, कोणत्या तारखेला दुरुस्त केली ते पुराव्यासह लिहा. सगळंच नाकारलं आणि स्क्रीनशॉट समोर आला, तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ‘बिल्डरने पाठवलं, मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव चालत नाही, कारण कलम १० मधलं कर्तव्य एजंटचं स्वतःचं आहे.

सुनावणीला वकील सक्तीचा नाही. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा सीए, कंपनी सचिव यांनाही अधिकारपत्र देऊ शकता. सुनावणी व्हिडिओवर असेल तर दहा मिनिटं आधी लॉगइन करा, जोडपत्रांना पान क्रमांक घाला. आदेशात नाव, क्रमांक किंवा रकमेची उघड चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. आदेशच मान्य नसेल तर प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जायचं. अपिलाआधी दंडाच्या किमान ३० टक्के रक्कम भरण्याची अट बिल्डरच्या अपिलाला आहे, त्या तरतुदीत एजंटचा उल्लेख नाही. त्यापुढे उच्च न्यायालय, पण तिथे कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच जाता येतं. दंड भरलाच नाही तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, म्हणजे फाइल जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जाते आणि मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

सावंतवाडी, दोडामार्गकडे काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. महारेराची नोंदणी अख्ख्या महाराष्ट्रात चालते, पण राज्याच्या हद्दीपलीकडे नाही. गोव्यातलं मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातले फ्लॅट सिंधुदुर्गातून विकण्याचा मोह वाढलाय. तो फ्लॅट गोव्यात नोंदलेल्या प्रकल्पातला असेल तर गोवा रेराची एजंट नोंदणी वेगळी घ्यावी लागते, आणि जाहिरातीत महाराष्ट्राचा नंबर टाकून ती उणीव भरून निघत नाही.