लग्नाच्या गोंधळावर कॉमेडी शॉर्टफिल्म करायची आहे? नागपूरकरांनो, हे वाचा

दहा-बारा मिनिटांची, मोबाईलवर शूट होईल अशी फिल्म करणार असाल तर पहिले गोंधळ लिहायला बसूच नका, पहिले त्या लग्नाचं टाइमटेबल लिहा. वरात लॉनवर किती वाजता पोचते, मामा नवरीला घेऊन कधी येतो, मुहूर्त कितीचा, सगळं. पुढं काय व्हायला पाहिजे हे पाहणाऱ्याला पक्कं माहीत असलं तरच ते न झाल्यावर हसू येतं, नाहीतर नुसती पळापळ दिसते. मुहूर्त पहिल्याच मिनिटात कोणाच्या तरी तोंडून मोठ्यानं सांगून टाका, 12 वाजून 11 मिनिटं म्हणा, मग पुढं नुसतं घड्याळ दाखवलं तरी भागतं.

मग एकच वस्तू हरवा, एकच. मंगळसूत्र नको, ते सगळेच हरवतात. अंतरपाट हरवा. ऐनवेळी कोणीतरी बिछायत केंद्राची चादर ओढून आणतो, तिच्यावर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव (नाव खोटंच घ्या), आणि ती चादर घेऊन दोघं उभे. आता नवरदेवाकडून नाव सरळ दिसतं, नवरीकडून उलटं, तिला काहीच कळत नाही की समोरचे हसून काऊन राहिले.

आणि खरी मजा इथंच आहे, ही जागा घाईत उरकू नका. अंतरपाट धरला की तुमची फ्रेम आपोआप दोन भागात कापली जाते, इकडचं तिकडं दिसत नाही, म्हणजे दोन्हीकडं दोन वेगळ्या गोष्टी चालवता येतात. त्यात प्रत्येक मंगलाष्टक "शुभ मंगल सावधान"वर संपतं, अक्षता पडतात आणि दोन-तीन सेकंद मोकळे मिळतात. तुमचे सगळे डायलॉग त्या मोकळ्या सेकंदात बसवा. "भात कमी पडून राहिला जी", अक्षता. "मग अजून एक मंगलाष्टक म्हणा न", अक्षता. म्हणजे स्वयंपाक होईपर्यंत मावश्या एकामागून एक मंगलाष्टकं ताणून राहिल्या आणि तिकडं मुहूर्त टळतो आहे, यापेक्षा चांगला क्लायमॅक्स मला तरी सुचत नाही.

बोलीचं एक मनापासून सांगतो. आपली बोली फक्त नोकराच्या नाहीतर दारुड्याच्या तोंडी देऊ नका, फार वाईट वाटतं ते पाहून. डॉक्टर नवरदेवानं सासऱ्याला "मामाजी, तुम्ही बसा न जी, मी पाहतो" म्हणू द्या. हसू प्रसंगातून यायला पाहिजे, "मले-तुले"वरून नाही.

शूटिंग मे महिन्यात ठेवू नका, आपल्याकडं पारा 45च्या वर जातो आणि उन्हात मोबाईल तापून बंद पडतो. फेब्रुवारीत करा, घाम पाहिजे तर पाण्यात थोडं ग्लिसरीन टाकून स्प्रेनं चेहऱ्यावर मारा. कूलर फ्रेममध्ये असू द्या, त्याच्याशिवाय आपलं लग्न वाटणार नाही, पण टेक घेताना बंदच ठेवा, त्याचा आवाज शेवटी वेगळा रेकॉर्ड करून खाली हळूच टाकता येतो. मांडवाचा लाल-पिवळा कपडा उन्हात सगळ्यांच्या चेहऱ्यावर रंग टाकतो, म्हणून पात्रांच्या वर पांढरा कपडा लावा. व्हिडिओत लाइटिंग लुकलुकताना दिसत असेल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 सेकंदावर ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे. बँडवर सिनेमातली गाणी वाजवू नका, कॉपीराइटमध्ये अडकाल, मोहल्ल्यातल्या बँडवाल्याकडून साधा ताल वाजवून घ्या.

अक्षतांचा मात्र हिशोब ठेवा, कोणाच्या केसात किती, टोपीवर किती, प्रत्येक टेकनंतर फोटो काढा, नाहीतर पुढच्या शॉटमध्ये त्या एकदम कमी-जास्त दिसतात. आणि एडिटिंगला बसलात की अक्षता पडल्यावरचे ते मोकळे सेकंद "स्लो वाटतंय" म्हणून कोणी कापायला लावेल, ते कापू नका, सुरुवातीची वरात कापा.